नोकरी सोडून प्राथमिक शिक्षक व्हायचंय? बी.एड.ची फी भरण्याआधी हे गणित मांडा

ऑफिसमध्ये अप्रेझलचा सीझन आला, बॉसने रविवारी रात्री मीटिंग लावली किंवा स्वतःचं मूल पहिलीत गेलं की अनेकांच्या डोक्यात एक विचार येतो: हे सगळं सोडून शाळेत शिकवावं. मग गुगलवर शोधाशोध होते. ग्रॅज्युएशन तर झालेलंच असतं, त्यामुळे उत्तरही चटकन सापडतं. बी.एड. करायचं, दोन वर्षांत शिक्षक व्हायचं.

लहान मुलांना, म्हणजे पहिली ते पाचवीला, शिकवायचं असेल तर हे उत्तर चुकीचं आहे. ११ ऑगस्ट २०२३ पासून तर स्पष्टपणे चुकीचं आहे. तरीही पदवीधर मंडळी आजही बी.एड.ला प्रवेश घेतात आणि दोन वर्षांनी त्यांना कळतं की ज्या वर्गासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या वर्गाचा दरवाजा दुसरीकडेच होता.

तो दरवाजा नेमका कुठे आहे, आत जायला किती वर्षं लागतात आणि तोवर घर कशावर चालतं, हे महाराष्ट्रापुरतं समजून घेऊ.

पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी, दोन वेगळे रस्ते

बोलताना आपण सगळ्यालाच 'प्राथमिक शाळा' म्हणतो. कायद्यात मात्र पहिली ते पाचवी हा एक टप्पा आहे आणि सहावी ते आठवी हा दुसरा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आला. एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१० रोजी ही पात्रता जाहीर केली.

पहिली ते पाचवीसाठी हवी बारावी, दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर एक. डी.एल.एड. म्हणजे ज्याला आपले आईवडील अजूनही डी.एड. म्हणतात तोच कोर्स, नाव बदललेलं. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड., शिवाय टीईटीचा पेपर दोन.

घोळ झाला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी २८ जूनला एनसीटीईने नियम बदलला आणि बी.एड.वाल्यांनाही पहिली ते पाचवीला शिकवायची मुभा दिली. अट एकच, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. हा नियम राजस्थान उच्च न्यायालयात टिकला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी निकाल दिला की, प्राथमिक शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. ज्यांच्या नेमणुका त्याआधी झाल्या होत्या त्यांना नंतर संरक्षण मिळालं, पण नव्याने येणाऱ्यांसाठी तो रस्ता बंद झाला.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: बी.एड. माध्यमिक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी घडवतं, सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळंच कसब आहे आणि चांगलं शिक्षण हा त्या मुलाच्या हक्काचाच भाग आहे. 'बी.एड. मोठी डिग्री, मग तिच्यात डी.एड. आलंच की' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण 'क' आणि 'ख'मधला फरक न कळणाऱ्या मुलासमोर एम.एस्सी. गणिताचा फारसा उपयोग होत नाही.

त्यामुळे पहिला निर्णय कोर्सचा नाही, वर्गाचा आहे. 'मला विज्ञान शिकवायला आवडतं' असं वाटत असेल तर सहावी ते आठवी किंवा त्यापुढचे वर्ग आणि बी.एड. हा रस्ता ठीक आहे. 'मला लहान मुलं आवडतात' असं असेल तर डी.एल.एड.

डी.एल.एड. : इथे बारावीची मार्कशीट लागते

डी.एल.एड.ची प्रवेश प्रक्रिया राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन होते. खुल्या प्रवर्गासाठी बारावीला किमान ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४४.५ टक्के ही अट. प्रवेश बारावीच्या गुणांवर. तुम्ही एमबीए असा, इंजिनिअर असा की दहा वर्षं टीम लीड असा, इथे पंधरा वर्षांपूर्वीची बारावीची मार्कशीट बाहेर काढावी लागते.

यात एक खाच आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगला गेलेल्यांकडे बारावीच नसते. त्यांनी अर्ज भरण्याआधी आपला डिप्लोमा बारावीला समकक्ष धरला जातो का, हे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये जाऊन विचारावं. फोनवर कुणीतरी 'चालतंय की' म्हणालं, एवढ्यावर नोकरी सोडू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. हा कोर्स नोकरी सांभाळून होत नाही. एनसीटीईच्या नियमांप्रमाणे आठवड्याला किमान ३६ तासांचं काम, तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं सांगणारं कॉलेज भेटलं तर आनंद मानू नका. कागद मिळेल, पण वर्गात उभं राहायचा सराव मिळणार नाही आणि पुढे कागदपत्रांची छाननी झाली की झोप उडेल.

तीच गोष्ट इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या 'घरबसल्या सहा महिन्यांत टीचर बना' छाप जाहिरातींची. मॉन्टेसरी किंवा नर्सरी टीचरचे हे कोर्स बालवाडी-प्लेग्रुपसाठी उपयोगी पडू शकतात. पहिलीच्या शिक्षकाच्या कायदेशीर पात्रतेत ते बसत नाहीत.

टीईटी आणि टेट : नावं सारखी, काम वेगळं

इथे भले भले गोंधळतात.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एकमध्ये १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के मिळाले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही. अभ्यासक्रम ऐकून सोपं वाटतं, पण २०२१ आणि २०२४ या दोन्ही परीक्षांचा एकूण निकाल पाच टक्क्यांच्या आत होता. सीबीएसईची सीटीईटीही चालते आणि तिथे भाषा म्हणून मराठी निवडता येते. एकदा पास झालात की दोन्ही प्रमाणपत्रं आता आयुष्यभर वैध असतात.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती पास-नापासची परीक्षा नाहीच. २०० प्रश्न, २०० गुण आणि हातात फक्त १२० मिनिटं. १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. इथे मिळालेल्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलवर तुमचा नंबर लागतो. जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि अनुदानित खासगी शाळांमधली भरती याच पोर्टलवरून होते. बँकेच्या परीक्षांचा सराव असलेल्यांना टेटचा पॅटर्न ओळखीचा वाटेल. करिअर बदलून येणाऱ्यांसाठी ही एक जमेची बाजू आहे.

थोडक्यात, टीईटी तुम्हाला रांगेत उभं राहू देते आणि रांगेत कितवे ते टेट ठरवते.

२०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा घोटाळा २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. हे आठवणीने सांगायचं कारण एवढंच की 'सेटिंग करून देतो' म्हणणारे आजही भेटतात. ज्यांनी तेव्हा पैसे दिले, त्यांचे पैसेही गेले आणि परीक्षा देण्याची दारंही बंद झाली.

खरा प्रश्न : ही परीक्षा होते कधी?

आता मुद्द्याचं. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी मे-जून २०२५ मध्ये.

या तारखांकडे पुन्हा एकदा बघा. समजा, खुल्या प्रवर्गातल्या एका बाईंनी वयाच्या ३१ व्या वर्षी नोकरी सोडली आणि २०१६ मध्ये डी.एल.एड.ला प्रवेश घेतला. २०१८ मध्ये कोर्स संपला तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या. पहिली टेट नुकतीच होऊन गेली होती. पुढची आली तेव्हा त्या ३८ वर्षांच्या. सरकारी नोकरीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. म्हणजे बाईंनी अभ्यासात काहीही कमी न करता त्यांची वेळ निघून जायच्या बेतात आली.

टीईटीचंही असंच. नोव्हेंबर २०२१ नंतरची परीक्षा थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. मग २३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा झाली.

परीक्षा झाली म्हणजे लगेच नेमणूक होते असंही नाही. डिसेंबर २०१७ च्या टेटवरची पहिली मोठी निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. २०२३ च्या टेटवरची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्या फेरीत २१ हजारांहून अधिक पदांच्या जाहिराती होत्या, त्यामुळे संधी नसते असं म्हणणं चूक ठरेल. पण त्या कधी येतील याचं वेळापत्रक नसतं. त्याआधी २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी होती आणि ती वर्षानुवर्षं चालली. गल्लोगल्ली निघालेली डी.एड. कॉलेजं त्याच काळात बंद पडत गेली. 'डी.एड. करून काय होतंय, पोरगं रिक्षा चालवतंय' हे वाक्य गावागावांत ऐकू येतं, ते उगाच आलेलं नाही.

म्हणून या रस्त्यावर निघताना 'मला किती मार्क पडतील' यापेक्षा 'माझ्या वयात किती भरत्या बसतील' हा हिशेब आधी करावा लागतो. २६ व्या वर्षी निघालेल्याला दोन-तीन फेऱ्या मिळू शकतात. ३५ व्या वर्षी निघालेल्या खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने सरकारी शाळेच्या भरवशावर नोकरी सोडणं हा जुगार आहे आणि हे कोचिंग क्लासवाले सांगणार नाहीत.

केंद्रीय विद्यालयाचं स्वप्न असेल तर घाई आणखी. तिथे प्राथमिक शिक्षकाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे.

२०२५ च्या निकालाने काय बदललं?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्यांना यातून सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. राज्यभरच्या शिक्षकांमध्ये खळबळ उडाली आणि वीस वर्षं शिकवलेले गुरुजी पुन्हा बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन बसले.

नव्याने येणाऱ्यांना याने थेट तोटा नाही. टीईटी ही गुणानुक्रमाची परीक्षा नसल्यामुळे गर्दी वाढली म्हणून कुणी नापास होत नाही. 'आता हजारो जागा रिकाम्या होणार' असे व्हिडिओही फिरत आहेत, पण जागा रिकामी होणं आणि ती भरली जाणं यामध्ये पटसंख्या, संचमान्यता, बिंदुनामावली आणि अर्थखात्याची मंजुरी एवढं सगळं उभं असतं.

पगार : पहिली तीन वर्षं जपून

जिल्हा परिषदेत निवड झाली की लगेच पूर्ण पगार सुरू होत नाही. पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' म्हणून काढावी लागतात, ठरावीक मानधनावर. प्राथमिकसाठी हे मानधन अनेक वर्षं ६,००० रुपये होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालं. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार ती २९,२०० ते ९२,३०० अशी आहे, वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. जुनी पेन्शन मात्र नाही, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नवी योजना लागू आहे.

म्हणजे हिशेब असा: डी.एल.एड.ची दोन वर्षं शून्य कमाई, भरतीची वाट पाहण्यात किमान एक-दोन वर्षं, मग तीन वर्षं १६,०००. सहा-सात वर्षांचा काळ. पुण्यात फ्लॅटचा हप्ता ३०,००० जात असेल तर हा निर्णय एकट्याचा राहत नाही. बायको, नवरा, आईवडील सगळ्यांना समोर बसवून, कागदावर आकडे लिहून बोलावं लागतं. शिवाय जिल्हा परिषदेची नोकरी त्या जिल्ह्याची असते. घर नाशिकला आणि शाळा गडचिरोलीच्या पाड्यावर, हे होऊ शकतं आणि दुसऱ्या जिल्ह्यात बदली मिळायला वर्षं जातात.

खासगी शाळांचा पर्याय आहेच. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा स्वतःच जाहिरात देऊन मुलाखती घेतात, तिथे टेटची वाट पाहावी लागत नाही आणि पस्तिशीतला अनुभवी माणूस त्यांना चालतोही. पात्रतेचा कायदा या शाळांनाही लागू आहे, पण अनेक शाळा बी.एड.वर किंवा काहीच नसताना घेतात आणि त्याचा फायदा पगार कमी ठेवायला करतात. कागद कच्चा असेल तर तुम्हाला पगारवाढ मागता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. डी.एल.एड. आणि सीटीईटी हातात असलेला शिक्षक निदान दुसऱ्या शाळेत जाऊ शकतो. चाळिशीजवळच्यांसाठी खरं तर हाच व्यवहार्य रस्ता आहे. नियुक्तिपत्र लेखी घ्या, पगार बँकेत जमा होतो का ते विचारा आणि मूळ प्रमाणपत्रं शाळेकडे ठेवून घेत असतील तर तिथून उठा.

आधी दोन महिने वर्गात बसून बघा

शिक्षकाला भरपूर सुट्ट्या असतात, हे बाहेरच्यांचं आवडतं वाक्य. आतलं चित्र वेगळं आहे. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे छोट्या गावात एकाच खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी एकत्र. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर तिसरीला वजाबाकी, मध्येच दुसरीतल्या कुणाचं तरी पोट दुखतंय. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम आहेच. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे.

हे सगळं सोसूनही ज्यांना त्या खोलीत बसायला आवडतं त्यांनीच पुढे जावं आणि ते आवडतं की नाही हे राजीनामा देण्याआधी तपासता येतं. गावच्या किंवा वॉर्डातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शनिवारी सकाळी गोष्टी वाचून दाखवायला, वाचनाचा सराव घ्यायला माणूस मिळत असेल तर बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत. सलग आठ शनिवार जा. पहिल्या शनिवारी मुलं नवीन पाहुणा म्हणून ऐकतात, तिसऱ्या शनिवारपासून खरं काय ते कळतं.

पूर्ण वेळ देऊन बघायचं असेल तर टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप आहे. पदवीधरांना घेतात, पुणे-मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांच्या शाळांत शिकवायला मिळतं आणि दरमहा मानधन असतं. यातून डी.एल.एड.ची पात्रता मिळत नाही, पण हे काम आपलं आहे का याचं उत्तर नक्की मिळतं.

आणि ठरलंच तर?

डी.एल.एड.चे अर्ज साधारण बारावीच्या निकालानंतर सुरू होतात, त्यामुळे एप्रिलमध्येच फाइल तयार ठेवलेली बरी. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी एक काम सगळ्यात आधी करावं: मार्कशीट, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नाव कसं आहे ते शेजारी-शेजारी ठेवून बघावं. जुळत नसेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेवावा. कागदपत्रं तपासण्याचा दिवस उजाडल्यावर तहसील आणि सेतू केंद्रात दोन्हीकडे रांग असते.